तांबड्या रक्तपेशींच्या सूक्ष्मपुटिका : स्वरूप, निर्मिती आणि रक्तसंक्रमणातील प्रश्न

प्रस्तावना :

मानवी रक्ताचा विचार करताना तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्तबिंबिका आणि रक्तद्रव अशी चार घटकांची विभागणी शालेय पाठ्यपुस्तकापासून परिचित आहे. या चारही घटकांत न बसणारा, परंतु प्रत्येक निरोगी व्यक्तीच्या रक्तात सतत वावरणारा एक पाचवा घटक दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. तो म्हणजे पेशींच्या पटलापासून सुटून निघालेल्या अतिसूक्ष्म पुटिका. पटलाचे पातळ आवरण आणि आत पेशीद्रवाचा एखादा थेंबही म्हणता येणार नाही इतका अंश, एवढेच त्यांचे स्वरूप असते. तांबड्या पेशींपासून निघणाऱ्या पुटिकांचा व्यास बहुधा १०० ते ३०० नॅनोमीटरच्या दरम्यान आढळतो. काही त्याहून मोठ्या असतात. मूळ पेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर, म्हणजे ७,००० ते ८,००० नॅनोमीटर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कणांची लहानखुरी मूर्ती डोळ्यांसमोर येते.

या पुटिकांची पहिली ओळख झाली ती कचरा म्हणूनच. १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथील एर्विन चारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट यांना असे आढळले, की रक्तबिंबिका काढून टाकलेल्या रक्तद्रवाला अतिवेगाने घुसळून तळाशी बसणारा अंश वेगळा केल्यास रक्त गोठण्यास अधिक वेळ लागतो. म्हणजे त्या अंशात गोठणास साहाय्यभूत असे काहीतरी होते. (हे चारगाफ म्हणजे पुढे डीएनएतील घटकांच्या प्रमाणाच्या नियमामुळे प्रसिद्ध झालेले जीवरसायनशास्त्रज्ञ.) १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी तो अंश रक्तबिंबिकांपासून निघालेल्या सूक्ष्म कणांचा असल्याचे दाखवले आणि त्यासाठी ‘रक्तबिंबिकांची धूळ’ असा शब्दप्रयोग केला. धूळ हा शब्द चिकटला आणि त्याबरोबर तुच्छताही चिकटली. तांबड्या पेशींच्या पुटिकांचा इतिहास थोड्याफार फरकाने असाच आहे. पेशी जे टाकून देते त्यावाचून तिला जगता येत नाही, आणि टाकलेले वेळेवर उचलले गेले नाही तर त्याची किंमत शरीराला मोजावी लागते, हे या पुटिकांच्या अभ्यासातून हळूहळू स्पष्ट होत गेले. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने या विषयाचा परामर्श घेतला आहे.

एका शब्दाचा घोटाळा :

या क्षेत्रात परिभाषेचा गोंधळ फार आहे, म्हणून एक भेद आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल. तांबड्या पेशींच्या वंशात पुटिका दोन भिन्न अवस्थांत निर्माण होतात. अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या अपरिपक्व पेशीला रेटिक्युलोसाइट म्हणतात. तिच्यावर लोह आत घेणारी ट्रान्सफेरिन-ग्राहक प्रथिने असतात. परिपक्व पेशीला त्यांची गरज नसल्यामुळे ती काढून टाकावी लागतात. १९८३ मध्ये माँट्रियल येथील रोझ जॉनस्टोन यांच्या गटाने मेंढीच्या, तर सेंट लुईस येथील फिलिप स्टॉल यांच्या गटाने उंदराच्या रेटिक्युलोसाइटचा अभ्यास करून, ही प्रथिने आधी पेशीच्या आतील पिशव्यांत जमा होतात व त्या पिशव्या पटलाशी जोडल्या जाऊन त्यांतील लहान पुटिका बाहेर सोडल्या जातात, असे दाखवले. पुढे जॉनस्टोन यांनी या पुटिकांना ‘एक्झोसोम’ हे नाव दिले. आज कर्करोगापासून मज्जासंस्थेपर्यंत सर्वत्र वापरला जाणारा हा शब्द आपल्या आजच्या अर्थाने तांबड्या पेशीच्या बालपणाच्या अभ्यासातून आला, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

परिपक्व तांबड्या पेशीत मात्र केंद्रक नसते आणि आतील पिशव्यांची यंत्रणाही उरलेली नसते. तिच्या पुटिका पटलाचाच एखादा भाग बाहेर फुगून, मानेशी आवळला जाऊन व तुटून तयार होतात. पुढील विवेचन मुख्यतः याच, पटलापासून तुटणाऱ्या सूक्ष्मपुटिकांविषयी आहे.

पुटिका कशी सुटते :

तांबड्या पेशीचे पटल दोन थरांनी बनलेले असते. बाहेरचा थर फॉस्फोलिपिडांचा. त्याच्या आतील बाजूस स्पेक्ट्रिन नावाच्या लांबट प्रथिनाचे जाळे पसरलेले असते. हे जाळे अँकिरिनसारख्या प्रथिनांच्या मध्यस्थीने ‘बँड ३’ या पटलप्रथिनाला बांधलेले असते. गोधडीचे अस्तर ठिकठिकाणी टाके घालून वरच्या कापडाला धरून ठेवावे, तशी ही रचना असते. टाका उसवला की वरचे कापड तेवढ्या जागी सुटून फुगते. पुटिका नेमकी अशा सुटलेल्या जागी आकार घेते. १९७७ मध्ये लुट्झ, लिऊ आणि पालेक यांनी, ऊर्जेचा साठा म्हणजे एटीपी संपत आलेल्या पेशींतून बाहेर पडणाऱ्या पुटिकांत स्पेक्ट्रिन नसते, असे दाखवून दिले. कापड सुटते आणि अस्तर मागे राहते, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता.

टाके उसवण्याचे काम बहुतांशी कॅल्शियम करते. निरोगी तांबड्या पेशीतील मुक्त कॅल्शियमचे प्रमाण रक्तद्रवातील प्रमाणाच्या दहा हजारांश भागाहूनही कमी असते, आणि ही विषमता टिकवण्यासाठी पेशी एटीपी खर्च करून कॅल्शियम सतत बाहेर उपसत राहते. हा उपसा मंदावला किंवा बाहेरून कॅल्शियम वेगाने आत शिरले, तर एकाच वेळी अनेक गोष्टी घडतात. आतील प्रथिने तोडणारी कॅल्पेनसारखी विकरे कार्यान्वित होतात. हंगेरीचे शास्त्रज्ञ गार्दोश यांनी १९५८ मध्ये वर्णिलेल्या मार्गाने पोटॅशियम व त्यामागोमाग पाणी बाहेर पडून पेशी आकसते. आणि पटलाच्या दोन पदरांतील मेदरेणूंची मांडणी विस्कटते. फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेदरेणू एरवी पटलाच्या आतल्या पदरातच ठेवलेला असतो. तो आता बाहेरच्या पदरात येतो. भक्षकपेशींच्या दृष्टीने त्याचे बाहेर दिसणे म्हणजे ‘ही पेशी उचला’ अशी खूण होय. रक्त गोठवणाऱ्या घटकांच्या दृष्टीने ते काम सुरू करण्यास मिळालेली जागा होय. पेशीच्या पटलावर ताण येताच उघडणारी पिएझो-१ ही आयनवाहिनी २०१० मध्ये आर्डेम पातापुटियान यांच्या प्रयोगशाळेत सापडली. या संशोधनासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अरुंद मार्गातून पिळवटून जाताना तांबड्या पेशीत कॅल्शियम कसे शिरते, याचे उत्तर या शोधामुळे बरेचसे हाती आले आहे.

टाकाऊ काय आणि टिकाऊ काय :

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. केंद्रक नसल्यामुळे नवे प्रथिन घडवणे, बिघडलेले बदलणे तिला शक्य नसते. तरीही ऑक्सिजन वाहून नेण्याच्या कामात तिच्यातील हिमोग्लोबिनचा काही भाग सतत बिघडत असतो. असे बिघडलेले हिमोग्लोबिन आतून बँड ३ ला चिकटते, बँड ३ चे रेणू पुंजक्याने एकत्र येतात आणि त्या पुंजक्यांना शरीरातील प्रतिपिंडे ओळखू लागतात. म्हणजे पटलाचा एक लहानसा डाग संपूर्ण पेशीच्या जिवावर उठू शकतो. पुटिकांत नेमके हेच पदार्थ अधिक प्रमाणात आढळतात : विकृत हिमोग्लोबिन, बँड ३ चे पुंजके, त्यांना चिकटलेली प्रतिपिंडे, बाहेर आलेले फॉस्फॅटिडिलसेरीन. यावरून नेदरलँड्समधील विलेकन्स, बॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले, की पुटिका सोडणे हा पेशीचा स्वसंरक्षणाचा मार्ग असावा. डाग पडलेला तुकडा टाकून ती स्वतःचे आयुष्य वाढवून घेते. २००८ मधील त्यांच्या लेखाच्या शीर्षकात या विधानापुढे प्रश्नचिन्ह होते. पुढील अनेक लेखकांनी ते प्रश्नचिन्ह गाळून टाकले. पुराव्याचा विचार करता ते अजून राहू द्यावे, हेच योग्य.

या संरक्षणाला किंमत आहे आणि ती भूमितीची आहे. तांबड्या पेशीचे आकारमान सुमारे ९० घनमायक्रोमीटर असते. तेवढ्याच आकारमानाच्या गोळ्याला सुमारे ९७ चौरस मायक्रोमीटर पृष्ठभाग पुरतो. पेशीचा प्रत्यक्ष पृष्ठभाग मात्र सुमारे १४० चौरस मायक्रोमीटर असतो. या ४० टक्के अतिरिक्त पटलामुळेच ती चपटी, दोन्ही बाजूंनी खोलगट आणि हवी तशी वाकणारी असते. प्लीहेतील जेमतेम एक मायक्रोमीटर रुंदीच्या फटीतून ती जाऊ शकते ती याच बळावर. आता १५० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिकेचा हिशेब मांडला तर तिचा पृष्ठभाग सुमारे ०.०७ चौरस मायक्रोमीटर भरतो. अशा ४०० पुटिका सुटल्या की पेशीचा एक-पंचमांश पृष्ठभाग जातो. परंतु तिचे आकारमान एक टक्काही घटत नाही. पुटिका पेशीच्या पोटापेक्षा तिची कातडीच अधिक नेते. आयुष्यभरात पेशी सुमारे एक-पंचमांश पृष्ठभाग गमावते, असे मानले जाते. तिचे आकारमानही वयानुसार बरेच घटते. ती घट एवढ्या लहान पुटिकांनी भरून निघत नाही, हे वरील गणितच सांगते, आणि तिथे पाणी व क्षारांच्या हालचालीचा वाटा धरावा लागतो. आनुवंशिक गोलपेशी-विकारात टाके जन्मतःच कच्चे असल्यामुळे पटल फार लवकर झडते. पेशी गोल होतात, फटीत अडकतात आणि प्लीहेत नष्ट होतात. अशा काही रुग्णांत प्लीहा काढून टाकल्यावर रक्तक्षय कमी होतो, याचे कारण हेच.

सुटलेल्या पुटिकांचे पुढे काय होते? उंदरांवरील प्रयोगांत किरणोत्सारी खूण केलेल्या पुटिका शिरेतून दिल्यानंतर त्यांपैकी बहुसंख्य काही मिनिटांतच रक्तातून नाहीशा झाल्या. यकृतातील कुप्फर पेशी त्यांना गिळतात. म्हणजे निरोगी शरीरात निर्मिती सतत चालू असते आणि सफाईही तितकीच तत्पर असते. निरोगी रक्ताच्या नमुन्यात पुटिका थोड्या दिसतात, याचा अर्थ त्या थोड्या निर्माण होतात असा नव्हे.

रक्तपिशवीत यकृत नसते :

वरील सर्व क्रिया शरीराबाहेर, रक्तपेढीतील पिशवीतही चालू राहते. फरक एवढाच, की तिथे सफाई करणारे कोणी नसते. रक्त २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले जाते. सीपीडीए-१ द्रावणात ते ३५ दिवस, तर सॅगएम या पूरक द्रावणात तांबड्या पेशी ४२ दिवस वापरण्यायोग्य मानल्या जातात. या काळात एटीपी उतरत जाते, पोटॅशियम बाहेर झिरपते, पेशींच्या कडा काटेरी होतात आणि त्या काट्यांच्या टोकांवरून पुटिका सुटतात. साठवणुकीच्या उत्तरार्धात हे प्रमाण वेगाने वाढते. पिशवीच्या नळीतून पाहिले असता तांबूस झालेला द्रव फुटलेल्या पेशींचे हिमोग्लोबिन दाखवतो. त्याचे मोजमाप नियमित होते आणि त्याला मर्यादाही आहे. युरोपात ती ०.८ टक्के, अमेरिकेत १ टक्का. पुटिकांना मात्र अशी मर्यादा नाही.

त्यांचा अपाय कोणता असू शकतो, याचे महत्त्वाचे उत्तर नायट्रिक ऑक्साइडशी निगडित आहे. रक्तवाहिनीच्या अस्तरातून निघणारा हा वायू वाहिनी सैल ठेवतो. हिमोग्लोबिन त्याला नष्ट करते. पण अखंड तांबड्या पेशीत बंदिस्त असताना ही क्रिया मंद असते. मोकळे हिमोग्लोबिन तेच काम सुमारे हजारपट वेगाने करते. २०११ मध्ये डोनाडी आणि सहकाऱ्यांनी साठवलेल्या रक्तातील पुटिकांची तपासणी केली, तेव्हा पुटिकेतील हिमोग्लोबिनही जवळपास मोकळ्या हिमोग्लोबिनच्याच वेगाने नायट्रिक ऑक्साइड शोषते, असे आढळले. आवरण आहे, परंतु आडोसा नाही. त्यात फॉस्फॅटिडिलसेरीनमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, ती वेगळीच.

एवढा भक्कम प्रयोगशालेय आधार असताना, जुने रक्त रुग्णाला अपायकारक असणार, असा निष्कर्ष स्वाभाविक वाटतो. प्रत्यक्ष चाचण्यांनी तो उचलून धरला नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एबल’ चाचणीत अतिदक्षता विभागातील सुमारे २,४०० रुग्णांना सरासरी ६ दिवसांचे किंवा सरासरी २२ दिवसांचे रक्त दिले गेले. ९० दिवसांनंतरच्या मृत्युप्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील ‘रिसेस’ (२०१५), वीस हजारांहून अधिक रुग्णालयीन रुग्णांवरील ‘इन्फॉर्म’ (२०१६) आणि अतिदक्षता विभागातील सुमारे ४,९०० रुग्णांवरील ‘ट्रान्सफ्यूज’ (२०१७) यांचेही निष्कर्ष त्याच दिशेचे होते. ताज्या रक्ताचा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांना रक्तपेढीतील कर्मचारी जे सांगतात, त्याला या चाचण्यांचा आधार आहे.

तथापि एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. या चाचण्यांतील रुग्ण प्रामुख्याने प्रौढ होते आणि त्यांना रक्त मुख्यतः तात्कालिक कारणासाठी दिले गेले होते. ज्याच्या स्वतःच्याच रक्तात पुटिकांचा भार आधीपासून अधिक आहे आणि ज्याला वारंवार रक्त घ्यावे लागते, अशा रुग्णाविषयी त्यांतून थेट काही सांगता येत नाही. सिकलसेलचा रुग्ण हा असा रुग्ण होय.

सिकलसेल आणि महाराष्ट्र :

सिकलसेल विकारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते. ऑक्सिजन कमी झाला की असे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कडक तंतू बनतात. हे तंतू पटलाला आतून रेटत टोकदार सुळके काढतात. सुळक्याच्या टोकाशी पटल आतील जाळ्यापासून सुटते. पुन्हा ऑक्सिजन मिळाल्यावर तंतू विरघळतात आणि पेशी पूर्ववत होते, पण सुळक्यांची टोके बऱ्याचदा पुटिकांच्या रूपाने तुटून रक्तात राहतात. असे फेरे वारंवार झाले की अखेरीस पेशी कायमची विळ्यासारखी होते. डेव्हिड अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्येच सूक्ष्मपुटिका आणि या कायमच्या विकृतीचा संबंध मांडला होता. २०१५ मध्ये पॅरिस येथील कामू आणि सहकाऱ्यांनी, या पुटिका हीम हा लोहयुक्त घटक वाहिनीच्या अस्तरपेशींत पोहोचवतात आणि सिकलसेलग्रस्त उंदरांत लहान वाहिन्या तुंबण्यास कारण होतात, असे दाखवले. रुग्णाला असह्य वेदना देणाऱ्या ‘क्रायसिस’च्या वेळी वाहिन्या तुंबतात त्या केवळ विळ्याच्या आकाराच्या पेशींमुळे, हे सोपे चित्र त्यामुळे अपुरे ठरले आहे.

महाराष्ट्रात हा विकार प्रामुख्याने विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात आढळतो; गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, नंदुरबार ही नावे या संदर्भात वारंवार येतात. भारतातील रुग्णांत बहुधा अरब-भारतीय जनुकीय प्रकार असून त्यांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक टिकून राहते, त्यामुळे विकार तुलनेने सौम्य असतो, असे सरसकट लिहिले जाते. वैदर्भीय रुग्णालयांतील अनुभव या सरसकटपणाला दुजोरा देत नाही. अनेक मुलांत विकार तीव्र असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे केंद्र शासनाच्या सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला आणि २०४७ ही त्याची मुदत ठरवण्यात आली. अभियानाचा भर तपासणी आणि समुपदेशनावर आहे. तो योग्यच आहे. पण आज जन्मलेल्या रुग्णाचे रक्तसंक्रमण अधिक सुरक्षित कसे करावे, हा प्रश्न त्याच्या शेजारी उभा आहे. पेशी धुऊन दिल्यास पुटिका बऱ्याच अंशी कमी होतात. परंतु धुतलेले रक्त उघड्या पद्धतीत २४ तासांतच वापरावे लागते आणि धुताना काही पेशीही जातात. तालुक्याच्या ठिकाणी ही सोय बहुधा नसते.

गडचिरोलीच्या संदर्भात हिवतापाचाही उल्लेख आवश्यक आहे. २०१३ मध्ये मेलबर्न येथील आणि अमेरिकेतील हार्वर्ड येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे असे दाखवले, की फाल्सिपेरम परजीवीने ग्रासलेल्या तांबड्या पेशी पुटिका सोडतात आणि त्यांच्याद्वारे परजीवी एकमेकांना संकेत देतात. त्यामुळे डासांत जाऊ शकणाऱ्या लैंगिक अवस्थांची संख्या वाढते. पेशीची टाकण्याची सवय शत्रूने टपालासारखी वापरली, असे म्हणता येईल.

माणसानेही ती वापरण्यास आरंभ केला आहे. परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसल्याने तिच्या पुटिकांतून परका डीएनए जाण्याची भीती नसते, आणि ओ गटाचे रक्त विपुल मिळू शकते. या विचाराने हाँगकाँग येथील संशोधकांनी २०१८ मध्ये, कॅल्शियम आत सोडणारे रसायन वापरून दात्यांच्या पेशींतून मोठ्या प्रमाणात पुटिका मिळवल्या आणि त्यांत आरएनए-औषध भरून ते कर्करोगपेशींत पोहोचवले. हे काम प्रयोगशाळा आणि उंदीर यांच्यापुरते होते.

मोजमापाची अडचण :

सिकलसेलच्या रुग्णात क्रायसिसपूर्वी पुटिका वाढतात काय, हे कळले तर आगाऊ सूचना मिळू शकेल, अशी अपेक्षा अनेकांनी व्यक्त केली आहे. अडथळा मोजमापाचा आहे. रुग्णालयांतील फ्लो सायटोमीटर हे यंत्र कणावरून विखुरलेल्या प्रकाशावर चालते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. १५० नॅनोमीटरचा कण जुन्या यंत्रांना दिसतच नाही, किंवा अनेक कण एकत्र येऊन एक म्हणून मोजले जातात. ग्लायकोफोरिन-ए या प्रथिनाला चिकटणारी चमकदार खूण लावली तर पुटिका तांबड्या पेशीचीच आहे हे समजते, परंतु लहान पुटिकेवर ती खूण इतकी थोडी बसते की चमक यंत्राच्या गोंगाटात हरवते. त्यामुळे एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जुळत नाही. आंतरराष्ट्रीय बाह्यपेशीय पुटिका संस्थेने २०१४, २०१८ आणि २०२३ या वर्षांच्या नावाने प्रसिद्ध केलेले किमान निकष याच अराजकाला आवर घालण्यासाठी आहेत.

आणि यंत्रापूर्वीची अडचण त्याहून साधी आहे. बारीक सुईतून रक्त जोराने ओढले, नळी हलली, रक्तद्रव वेगळा करण्यास काही तास उशीर झाला, तर नळीतच नव्या पुटिका तयार होतात. धडगावच्या दवाखान्यात सकाळी घेतलेला नमुना घाटातून हादरे खात संध्याकाळी मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पोहोचला, तर त्यात मोजल्या जाणाऱ्या पुटिकांपैकी किती रुग्णाच्या आणि किती रस्त्याच्या, हे सांगण्याचा मार्ग उरत नाही. नमुना घेतला तिथेच काही मिनिटांत रक्तद्रव वेगळा करून गोठवता आला, तरच त्या आकड्याला अर्थ राहील. त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी एक सेंट्रिफ्यूज, एक शीतपेटी आणि अखंड वीज एवढ्याच गोष्टी लागतात.